उणे अठरा

ससून डॉकच्या शीतगृहात सात खोल्या, सात थर्मामीटर,
आणि विक्रोळीत, तिसऱ्या मजल्यावर, माझी एक स्क्रिप्ट
दर मिनिटाला विचारते: किती?

माझ्याआधी ती सुनंद पाठारेची होती.
चूक पकडायच्या जागी त्यानं एवढंच लिहून ठेवलेलं:
काहीही बिघडो, पुढे चल.
वर शेरा, रोमन अक्षरांत: नंतर बघू.

अकरा रात्री खोल्यांशी बोलणं तुटलेलं.
अकरा रात्री पडद्यावर उणे अठरा,
मेलेल्या माणसाच्या नावानं येत राहणाऱ्या
वीजबिलासारखं चोख.

बाराव्या दिवशी धनवंती तांडेल लिफ्टनं वर आली
आणि पाटी सरळ माझ्या कीबोर्डवर ठेवली.
हलवा. घोळ. सुरमईचे तुकडे, कडेनं करडे.
"वास घे," म्हणाली. दुसरं काही नाही.
फटींतून पाणी आत गेलं.
एस आणि डी अजून चिकटतात.

तेव्हापासून मी चुकांना नावानं हाक मारते.

कनेक्शन रिफ्यूज्ड, हा त्यातला सज्जन.
यंत्र जागं आहे, दाराशी येऊन सांगतंय
की आत ऐकणारं कुणी नाही.
तोंडावर नाही म्हणणारी माणसं
मला आवडायला लागली ती इथून.

टाइमआउट वेगळा. तिथे दारही वाजत नाही.
मुदत घातली नाही तर पायथन वाट बघतं,
कुरकुर न करता, जन्मभर,
आणि बाहेरून ते काम केल्यासारखंच दिसतं.
मी पाच सेकंद दिले. लिहिताना हात थबकला. पाचच?
बर्फाला विचारलं असतं
तर त्यानं तेवढेही दिले नसते.

रीसेट: वाक्याच्या मध्येच आपटलेला फोन.
ब्रोकन पाइप: समोरचा उठून गेलाय
आणि आपण सांगतोच आहोत.
याचं एक उदाहरण देणार होते. राहू दे.

मग पुन्हा. एका सेकंदानं, दोन, चार, आठ, सोळा.
त्यात थोडा मुद्दाम घातलेला घोळ,
म्हणजे सातही विचारणा एकदम दारावर धडकायला नकोत.
पाचदा झालं की यंत्राला सोडायचं, माणसाला उठवायचं.

बंद केलेलं सॉकेटही लगेच सुटत नाही.
थोडा वेळ पत्ता धरून बसतं,
वाटेत रेंगाळलेलं एखादं पाकीट अजून येईल म्हणून.
तेवढ्यात नव्यानं मागायला जावं
तर उत्तर मिळतं: पत्ता वापरात आहे.
सुनंद यावर टेबलावर मुठी आपटायचा.
मला ते सुतक वाटतं. पाळावं.

काल रात्री, तीन एकेचाळीस.
नकार. नकार. नकार.
पाचव्यांदाही नकार.
हरेश्वर वैतीला फोन लावला.
"डब्याचा दिवा लागलाय?"
"लागलाय की, हिरवा." मागे क्रेट घासल्याचा आवाज,
आणि कुणाचं तरी बर्फाच्या लादीवरून भांडण.
"मग आतला प्रोग्रॅम झोपलाय.
बटण दाबून धर, दहापर्यंत मोज."
त्यानं मोठ्यानं मोजलं. आठनंतर एकदम दहा.

पडदा हलला. सहा खोल्या: उणे अठरा,
आणि प्रत्येकीसमोर आता वेळ, तीन त्रेपन्न.
(ती वेळ मी घातली. पाटीनंतर.)
सातवी: उणे अकरा.

"वैती, सातव्याचं दार बघ."
चपला दूर गेल्या.
पाच सेकंद.
सात. वीस.
फोनमध्ये नुसता कॉम्प्रेसरचा गुरगुराट.
मी कानाला धरून.

"फट होती," तो आला. "क्रेट अडकलेला मधे.
लावलं."

उणे अकरा. उणे अकरा.
उणे बारा.


सुनंदची ओळ मी पुसली. शेरा ठेवलाय.
त्याच्याखाली तारखा लिहीत जाते.