अडतीस टक्के

अंगठा आहे, करंगळी आहे,
मधली तीन प्रेसने नेली.
मरोळच्या गाळ्यात, डब्यांची झाकणं कापताना,
तीनचा चहा यायच्या जरा आधी.

इस्पितळातल्या बोर्डाने कोनमापक लावला,
म्हणाले, मूठ वळा.
वळली तेवढी वळली.
कागदावर आलं, अडतीस.
चाळीस असते तर पेन्शन.
दोन टक्के म्हणजे हाताचा केवढा तुकडा,
हे विचारायची खिडकी कुठली
ते कुठल्याच पाटीवर नव्हतं.

तहसीलबाहेर एक जण बसतो, टेबल टाकून, छत्रीखाली.
पाच हजार द्या म्हणाला, बेचाळीस करून आणतो.
मी म्हटलं, तेवढ्यात एखादं बोट आणतोस का?

शेवंता म्हणाली, कुर्ल्याच्या कोर्टात
मोफत वकील मिळतो.
मोफत म्हटल्यावर मी दचकलेच.
मोफत डाळीत खडे किती
ते निवडणारीला ठाऊक.

वकील तस्नीम परकार.
टेबलावर अर्धा खाल्लेला डबा, दोऱ्याने बांधलेल्या फायली.
"बाई आहात, फी नाही.
उपकार नाही हा, कायदा आहे. बसा."

मग विचारलं, कणीक कशी मळता?
जमतं, मी म्हटलं.
वेणी?
जमतं.
ब्लाउजचे हुक?
जमतं हो सगळं.
तिने पेन खाली ठेवलं.
"इंदुमतीताई, हे 'जमतं' उद्या तेच म्हणणार आहेत
तुमचा अर्ज फेटाळताना.
तुम्ही तरी म्हणू नका."

अकरा वर्षं लागली मला हा शब्द घोटायला.
सासूसमोर, नळावर, मुलीच्या शाळेत.
जमतं म्हटलं की माणसं
आपली दया घेऊन आपापल्या घरी जातात.
आणि ही म्हणते, यादी करा,
काय काय जमत नाही त्याची.

रात्री बसले, ऋतिकाच्या जुन्या वहीत, डाव्या हाताने.
सुई ओवणं.
गोळ्यांचं पाकीट, दातांनी फोडते.
बसमध्ये दांडा धरून पैसे काढणं.
लिंबू पिळणं.
कुकरचं झाकण.
मेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालताना
सासऱ्यांच्या वेळी सांडलं होतं, तेही लिहिलं.
टाळी.
टाळी लिहिली आणि खोडली.
पोर पाठीमागून वाचत होती.
"म्हणून माझ्या गॅदरिंगला तू
मांडीवर हात आपटत होतीस?"
मी म्हटलं, झोप.

तस्नीमने यादी दोनदा वाचली.
"हे खोडलेलं काय आहे?"
सांगितलं.
काही बोलली नाही. अपिलात सातवा मुद्दा झाला तो,
टाइप केल्यावर अगदी साधा दिसत होता,
लिंबाच्या खाली.

आणखी एक कागद करावा लागला.
बँकेतली सही उजव्या हाताची, जुनी, वळणदार,
शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.
आताची डाव्या हाताची, पहिलीतल्या पोरासारखी.
दोन्ही सह्यांची बाई एकच आहे
असं मी शपथेवर लिहून दिलं.
कारकुनाने शिक्का मारला.
मला वाटलं, तो काहीतरी विचारेल.
त्याने पुढच्याला हाक मारली.

तारीख सोळा. बोर्ड तोच, कोनमापक तोच असेल.
तस्नीम येणार आहे सोबत,
म्हणाली, आधी त्यांना बोट मोजू द्या,
मग मी त्यांना दिवस मोजायला लावते.
निकाल काय लागेल, तीही सांगत नाही.

मी सराव करते आहे.
भांडी घासताना हळू आवाजात,
नाही जमत.
नाही जमत मला.
तोंडात शब्द बसत नाही, नव्या दातासारखा टोचतो.

कोणाशी बोलतेस, ऋतिकाने विचारलं.
कोणाशी नाही.
ये इकडे,
हे झाकण लाव जरा.