चाकोरी

साखळी मी लावली. कुलूपही माझंच.
क्रिस्टोफेल म्हातारा पिकअपमधून उतरला,
दोन्हींकडे पाहिलं, मग माझ्याकडे:
"नोमवुयो, चाळीस वर्षं मी इथून गाडी घालतोय.
वाळू काय कुणाच्या बापाची?"

कुणाच्याच बापाची नाही, हेच तर
पाटीवर तीन भाषांत लिहिलंय.
पण त्याचा खुबा पाटी वाचत नाही,
आणि गळ टाकायचा खडक दोन किलोमीटर लांब,
तोही केपच्या या वाऱ्यात.
किल्ली खिशात जड झाली.

त्याला नेलं. फार नाही, शंभरेक पावलं.
रात्री कुणीतरी चोरून घातलेली चाकं
वीतभर खोल रुतलेली.
आत चिलख्याचं पिल्लू, सुपारीएवढं,
पाय म्हणजे काडेपेटीतल्या काड्या.
पुढे पळायचं, मागे पळायचं,
दोन्हीकडे भिंत.
वर आई पंख मोडल्याचं सोंग करत
आम्हाला भलतीकडेच बोलवत होती.

म्हातारा गुडघ्यांवर बसला. वेळ लागला त्याला.
एका बाजूची वाळू हाताने ढासळवली,
उतार केला, हात काढून घेतला.
पिल्लू चाकोरीबाहेर पडलं
आणि वाळूच्याच रंगाचं झालं.

"हे टायर माझे नाहीत," तो म्हणाला.
थोड्या वेळाने:
"माझेही असेच असायचे."

उठताना सगळा भार माझ्या खांद्यावर.
गळ मी घेतला, आमिषाचा डबा त्याने.
खडकापर्यंत पाच वेळा थांबलो,
आणि प्रत्येक वेळी त्याने शिव्या दिल्या:
साखळीला, सरकारला, खुब्याला,
मला.
चिलख्याला नाही.