खाडा

दूध आलं नाही की ती तारखेवर फुली मारायची.
महिनाअखेर फुल्या मोजायच्या, गुणाकार करायचा,
दूधवाल्याशी भांडायचं.
एवढ्यासाठीच होतं आमच्याकडे कॅलेंडर.
मग चौकोनात जागा उरते म्हणून
बारीक अक्षरात बाकीचंही:
गॅस लावला.
ह्यांची दाढ ठणकते, लवंग दिली.
हंसाबेनची वाटी परत, आत शेव घालून.
रात्री लाइट गेली. गच्चीवर बसलो. छान.

मी वीज कंपनीत मीटर वाचायचो,
आणि बायको लिहिते, छान.

सतरा वर्षांची कॅलेंडरं
कपाटामागे सुतळी बांधून उभी होती.
शरयू गेल्यावर कपाट हलवलं
तर गुंडाळी अंगावरच आली.
शिरीष म्हणाला, बाबा, सगळ्यांचे फोटो काढून ठेवतो,
उगाच जागा नको अडायला.
म्हटलं, अडू दे थोडी.

मांडवीच्या मागे फरीदभाई वह्या बांधतात.
त्यांनी शिकवलं: मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद,
म्हणजे कसर लागत नाही.
घडीवर नख नाही, चमच्याची पाठ फिरवायची.
कागदालाही नस असते,
तिच्या उलट दुमडलात तर तडकतो.
एका पानाचे चार लिफाफे.
बाहेरून राशिभविष्य आणि नारळीभाताची कृती,
लिहिलेली बाजू आत.

तीस वर्षं टॉर्च घेऊन जे जिने चढलो,
दांडिया बाजार, रावपुरा, सियाबाग,
तेच आता लिफाफे घेऊन चढतो, मधे एकदा टेकून.
कुणाला कढीलिंबाच्या बिया, कुणाला उसने घेतलेले सुटे,
कुणाच्या लग्नात एकशे एक.
आधी लोक दचकले. दिघे दारात
म्हणजे काहीतरी बिल राहिलं असणार.
कुणी फाडून टाकले असतील. टाकू देत.
तावडेबाई मात्र दोन मजले उतरून सांगायला आल्या,
"माझ्या गवारीत गूळ जास्त होता असं लिहिलंय तिनं.
तोंडावर तर दोनदा मागून घेतली होती!"
आणि तिथेच पायरीवर बसून
पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

परवा हंसाबेनची ध्रुवी आली,
लिफाफा उलगडून, तळव्यानं सपाट करून.
"दादा, ही माझ्या बर्थडेची तारीख. हिच्यावर चोकडी का?"
वाचलं. हंसाबेनला नात. तीन किलो. डिंक पाठवला.
खाली, पूर. दूध नाही.
विश्वामित्री रस्त्यावर आली होती तेव्हा,
गवळी पलीकडे अडकलेले,
आणि कुणाच्या तरी फाटकाशी मगर
पाहुण्यासारखी थांबलेली.
तिला मगरच आवडली.
माझ्याच घड्यांवरून तिनं कागद पुन्हा दुमडला,
एक घडी स्वतःची घातली, तिरकी,
नसेच्या उलट. तडकला नाही.
म्हणाली, हे तोंड.

एक पान अजून तसंच आहे.
अठरा तारखेपर्यंत अक्षर.
शेवटचं: चहापत्ती संपत आली.
पुढे तेरा चौकोन कोरे.
खळ दोनदा शिजवली त्याच्यासाठी,
दोनदा वाटीत वाळून गेली.

त्या तेरा दिवसांत दूध येत होतं की नाही
मला सांगता येणार नाही. कुणीतरी चहा करत होतं.
एक तारखेला दूधवाला आला, चपला काढून
उंबऱ्याबाहेर उभा राहिला.
विचारलं, खाडे किती?
म्हणाला, एकही नाही, साहेब.

मी भांडलो नाही.
पूर्ण महिन्याचे मोजून दिले.