नोंदणीचं टेबल

पाहुणे एकशे ब्याण्णव, देश एकवीस,
आणि ताटं किती सांगायची यावर
विभागाची बैठक पाऊण तास अडली.
आगटेसर म्हणाले, पॉयसाँ धरून चालू.
मी म्हटलं, सर, बाबर केटरर्सना पॉयसाँ नको,
बुधवारी सहाच्या आत आकडा हवाय.
एकच. शेपूट नसलेला.

बाबरांनी दोनशे दहा लिहून घेतले,
खाली पेन्सिलीने : म्हणजे अडीचशे.

मग डिसेंबर. गणेशखिंडीतला गार वारा,
विद्यापीठाच्या गेटापाशी रिक्षांची रांग.
टार्टूच्या बाईंकडे एकाने चारशे मागितले,
मी त्याच्याशी मनसोक्त भांडले.
बाईंनी वही काढून विचारलं,
हा दर कशावरून ठरतो?
चेहऱ्यावरून, मी म्हटलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

तीन दिवस मी टेबलाशी.
ज्यूटच्या पिशव्या, गळ्यातली ओळखपत्रं,
न उठणारी पेनं,
आणि ती आडनावं, जी मी आठवडाभर
कुकरच्या शिट्ट्या मोजत पाठ केली होती.
सभागृहाचं दार माझ्या डाव्या हाताला.
ते उघडलं की दीड वाक्य बाहेर यायचं :
…म्हणून ही निरीक्षणं स्वतंत्र मानता येत नाहीत, आणि…
…पुढच्या स्लाइडवर तेच, फक्त…
धप्प.
असा माझा नमुना. तोही सदोष,
कारण दार उघडतं कुणी कंटाळून उठल्यावर.
जगभरच्या विद्वत्तेतली
नेमकी उठून जाण्याजोगी वाक्यं
माझ्या वाट्याला.

(माझाही शोधनिबंध होता, शुक्रवारी, दुसऱ्या खोलीत.
टेबल सोडलं ते तेवढ्यापुरतंच,
पण तेव्हा मी लोहगावला, विमानतळावर :
बाहेर धुकं, क्योटोचे पाहुणे समोर,
त्यांची बॅग दिल्लीत.)

शनिवारी अकरा वीसला वीज गेली.
जनरेटर खोकला, आणि नाही म्हणाला.
सान्तियागोचे उर्रुतिया, वय सत्त्याहत्तर,
अंधारात हसले. पडदा वर करा म्हणाले.
मागे फळा निघाला.
खडू?
खडू विभागात चार वर्षं आलेला नाही.
खंडागळे सायकल काढून औंध रोडला गेले,
पदरच्या पैशांनी खोकं घेऊन आले.
उजेडासाठी दार सताड उघडं ठेवायचं ठरलं,
दाराला खुर्ची लावली,
आणि खुर्ची सरकू नये म्हणून तिच्यावर मला बसवलं.

मग चाळीस मिनिटं. सलग.
चौकोनी गल्ल्यांचं एक गाव, ते सांगत होते,
कुठेच न संपणारं,
दर चौकात चिठ्ठी काढून वळणारा एक माणूस.
तो घरी परतेल का?
परतेल. संभाव्यता एक. पुरावा फळ्यावर.
सरासरी किती वेळाने?
त्यांनी आडवा आठ काढला,
खडू मोडला,
मोडका तुकडा खिशात टाकला.

हे मला ठाऊक होतं.
माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच,
मधे बावीस वर्षं, वेळापत्रकं, नॅकच्या फायली.
ठाऊक होतं, तरी ऐकता ऐकता
मी खुर्चीच्या कडेला आले.
खुर्ची सरकली. दार मिटू लागलं.
मी पाय लावला.

रविवारी संध्याकाळी सात ओळखपत्रं उरली.
एक खार्टूमचं, त्यांचा व्हिसा आलाच नाही.
बाकी सहांचं कळलं नाही.
रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवली.
शेवटच्या जेवणाला ताटं लागली दोनशे सत्तेचाळीस.
त्यात वसतिगृहातली पोरं किती,
हे बाबरांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

खंडागळे हिशेबाचा कागद घेऊन उभे.
मॅडम, खडू कशात दाखवू?
किरकोळमध्ये, म्हटलं.
ते वळले.
थांबा, खंडागळे.
उरलेत का? किती?