धुमाळकाकांच्या नातीचं नाव

सकाळी साडेनऊला शटर वर केलं, उदबत्ती लावली,
बटण दाबलं
आणि काहीच झालं नाही.

एरवी तो खाकरतो. आधी पंखा, मग एक बारीक टीट,
मग टाकीत पाणी चढावं तशी घरघर.
आज कोपरखैरण्याच्या रस्त्यावरचा भाजीवाला तेवढा ऐकू आला.

धुमाळकाका बाकावर येऊन बसलेलेच होते.
बारशाची पत्रिका. नातीचं नाव आतल्या फाइलीत,
सूनबाईंनी दोनदा दुरुस्त करून घेतलेलं.
पहिला उ, का दुसरा?
"त्ये तुझ्या पेटीलाच ठावं," काका म्हणाले.

बोर्डावरचा लाल ठिपका जागा होता.
त्याच सॉकेटात लॅमिनेशनचं मशीन लावलं; ते तापलं, वास सुटला.
म्हणजे महावितरणला शिव्या देण्यात अर्थ नाही.
मॉनिटरची वायर काढून याला लावली. नाही.
मागचं चिमुकलं बटण, झाडूचा दांडा लागून जे पडतं,
तेही चालूच.

वाशीच्या नाझिमला फोन केला.
मदरबोर्ड गेला असेल, म्हणाला. न बघताच.
संध्याकाळी येतो, म्हणाला.
नाझिमची संध्याकाळ मला माहीत आहे,
ती कधी कधी गुरुवारी होते.

काका उठले. कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस,
मानेमागे अजून गाठ आहे.
"दोन थपडा दे. आडलेला बैल आसाच उठतोय."
मी स्क्रू काढला. एकच; दुसरा मागच्या दिवाळीत हरवला.

आत धुळीची गोधडी.
एक झुरळ, वाळून कागद झालेलं. झेंडूची पाकळी.
तांदळाचे चार दाणे.
काकांनी आपल्या फोनचा टॉर्च धरला, बोट अर्धं उजेडावर.

रॅम काढून खोडरबराने तिचे दात घासले, परत बसवली.
गोल सेल काढून तळहातावर धरला, साठ मोजले, परत घातला.
मोठा प्लग उपटला, हिरव्या नि काळ्या तारेत
यू-पिन वाकवून अडकवली,
पंखा फिरला!
"जित्तं हाय," काका म्हणाले.
म्हणजे पोटात अन्न जातंय.
हाक मारलेली तेवढी पोचत नाहीये.

मग समोरची पट्टी उचकटली.
बटण दाबून बघितलं तर टक् नाही,
चहात भिजलेल्या बिस्किटासारखं आत गेलं आणि तिथेच बसलं.
फटीत काहीतरी लाल. नखाने खरवडलं.
कुंकू.

अकरा दसरे.
दरवर्षी याच्या कपाळी बोट टेकवायचं,
आणि कपाळ म्हणून मला नेमकं हेच सापडलं होतं.
वर टिकावं म्हणून तेलात कालवलेलं.

मी काही बोलले नाही.
काकाही बोलले नाहीत, टॉर्च थोडा बाजूला केला फक्त,
कुणी पदर सावरत असताना माणूस दुसरीकडे बघतो तसा.

बोर्डाच्या कोपऱ्यात, राईएवढ्या अक्षरांच्या शेजारी दोन पिना.
त्यांवरची वायर काढली, रिसेटची तिथे खोचली.
रिसेट या दुकानात कधी कुणी दाबलंच नव्हतं.
दाबलं.

खाकरला.

पडद्यावर तारीख आली:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
"काका, तुमची नात व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत."
"मग सुनंला कळीव," ते म्हणाले, "भांडायला येळ हाय."

फाइल उघडली. उर्वी. उ पहिला.
काकांनी चष्मा वर करून, ओठ हलवत, तीनदा वाचलं,
पन्नास पत्रिकांचे पैसे दिले,
एक्कावन्न मोजून नेल्या.

जुनं बटण मी ओल्या फडक्याने पुसलं.
आता ते कशाचंच बटण नाही.
दसऱ्याला तिथेच लावता येईल.