सोबत

व्हिसाच्या अर्जात एक रकाना होता, प्रवासाचं कारण.
वैजूच्या अर्जात: पंपांच्या झडपा, तपासणी, बोलणी.
माझ्या अर्जात तिनंच लिहिलं, तिच्या तिरप्या अक्षरात:
पत्नीसोबत.
बँकेत एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले,
इतकं खरं कारण कुणी दिलेलं आठवत नाही.

सकाळी ती गळ्यात ओळखपत्र अडकवते,
कारखान्याची गाडी येते, ती जाते.
मी न्याहारीतलं एक उकडलेलं अंडं
रुमालात गुंडाळून खिशात टाकतो, चोरासारखा,
आणि दिसेल त्या बसमध्ये चढतो.

मंगळवारी चुकीच्या थांब्यावर उतरलो.
परतीची बस पाचला. तेव्हा वाजले होते सव्वादहा.
स्लोव्हेनियातला एक उतार, खाली ओढा, वर चर्च,
मध्ये कापून पसरलेलं गवत.
वास वाळ्याच्या जवळपासचा,
पण गार नाही; उन्हात ठेवलेल्या वाळ्याचा.
शिडी आडवी करून तिच्यावर छप्पर घालावं
तसं काहीतरी लाकडी उभं होतं शेताच्या कडेला,
अर्धं भरलेलं.

स्लाव्काबाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव नाही.
पुरुषी टोपी, निळा एप्रन, सत्तरीच्या पुढच्या.
ढगाकडे बोट केलं
आणि माझ्या हातात दाताळं दिलं.
त्याचे दोन दात पडलेले होते.

तासभर मी गवत ओढलं.
चेकबुकाखेरीज काही न ओढलेले माझे हात
बारा वाजायच्या आत फोडांनी भरले.
त्यांनी ते पाहिलं आणि जास्त हसल्या, की जास्त खोकल्या,
कळलं नाही.

नातू तिलेन नऊ वर्षांचा,
इंग्रजी शिकला तो मोबाइलवरच्या लढायांत,
त्यामुळे त्याच्या भाषांतरात प्रत्येक माणूस
जिंकत तरी असतो, नाहीतर मरत.
"आजी विचारते, तुझी बायको कोणती लढाई लढते?"
झडपांची, म्हटलं.
"जिंकते?"
बहुतेक वेळा. घरी नेहमीच.
आजीला ते कळलं, भाषांतराच्या आधी.

मग पाव, कांदा, माझं अंडं तिघांत,
आणि छपराखाली बसून त्यांनी सांगितलं:
त्याही एकदा गेल्या होत्या, सोबत म्हणून.
नवरा ट्रक चालवायचा. फ्रिज घेऊन निघाला होता.
अकरा दिवस, सहा देश.
काय काय पाहिलंत?
"पार्किंग," तिलेन म्हणाला.
आजीनं त्याच्या पाठीत हलकी चापट मारली, पुन्हा सांगितलं.
त्यानं दुरुस्ती केली:
"पार्किंग. आणि आजोबांचा उजवा कान."

पाऊस आला नाही.
ढग पलीकडच्या डोंगरावर गेला, दुसऱ्या कुणाच्या गवतावर.
स्लाव्काबाई त्याला काहीतरी बोलल्या.
ते तिलेननं भाषांतरासाठी घेतलं नाही.

रात्री वैजू विचारत होती, काय केलंस दिवसभर,
बुटांसकट पलंगावर आडवी.
मी सांगायला लागलो, चुकलेल्या थांब्यापासून.
दाताळ्यापर्यंत आलो तेव्हा ती झोपली होती.
बूट मी काढले.
गवताची एक काडी माझ्या बाहीतून तिच्या चादरीवर पडली,
ती सकाळी तिला सापडली; तिनं विचारलं नाही,
फाइलमध्ये खूण म्हणून ठेवली, पान बेचाळीस.

शनिवारी भाड्याची गाडी, विमानतळाचा रस्ता.
वैजू चालवत होती, डावीकडे बसून,
आरशांना आणि दिशांना शिव्या देत.
घरी गाडी तीच चालवते. पंचवीस वर्षं
मी तिच्या डावीकडे बसत आलोय.
आज उजवीकडे.
बाहेर ओढे, चर्चं, छपराच्या शिड्या, सगळं मागे पळत होतं,
बघायला हवं होतं.

तिच्या उजव्या कानामागे एक तीळ आहे.
"काय बघतोयस?" ती म्हणाली,
"नकाशा बघ."