चौदा इंची आभाळ

जालन्याला, मंठा चौफुलीच्या अलीकडे,
खदीरभाईंच्या शेडमध्ये आमची गाडी उभी आहे.
लिलावात घेतलेली जुनी रुग्णवाहिका.
सायरन काढला, पट्टे घासले,
तरी बॉनेटवर उलटी अक्षरं पुसट दिसतात अजून,
फक्त पुढच्या गाडीच्या आरशात सरळ होणारी.

एप्रिल. दुपारचे दोन. पत्रा हात लावू देत नाही.
छतावर खडूचा चौकोन, चौदा इंच बाय चौदा,
आणि ग्राइंडर हातात घेऊन खदीरभाई थांबलेत.
"मॅडम, भोक एकदाच पडतं. सोचून सांगा."

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, मानवतच्या शाळेत.
फळ्यावर बाण काढले: खारे वारे, मतलई वारे,
गरम हवा वर, गार हवा खाली,
सहामाहीला चार गुणांसाठी.
समुद्र सहलीत पाहिला, भर दुपारी, दीड तास.
मतलई वारे रात्री वाहतात.
रात्री आम्ही बसमध्ये होतो, पोरांच्या ओकाऱ्या पुसत.

बाकड्यावर तीन खोकी उघडी.
एक पंखा दहा वेगांचा, रिमोटचा,
थेंब पडला की आपणहून झाकण मिटणारा.
किंमत ऐकून फिटर नुसताच हसला.
(फिटर म्हणजे आमचे हे. जिनिंगमध्ये सगळे तेच म्हणत,
मीही म्हणू लागले, लग्नाच्या सहाव्या की सातव्या वर्षी.)
दुसरा कूलरच्या दुकानातला, पहाटेआधी बॅटरी पिऊन टाकेल असा.
तिसरा मधला. आत ओढतो, बाहेरही फेकतो.

"कोणताही घ्या," खदीरभाई म्हणतात,
"पण हवेला आधी जायला वाट द्या, मग ती येते."
हे तर आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं.
खिडक्या लावून कूलर चालवला
की अंग चिकचिकतं, पापड सादळतात, माणसं भांडतात.
म्हणून खाली, मागच्या दारापाशी, जाळीची झडप ठरली.
जाळी चिलटं अडवेल इतकी बारीक,
धुळीनं महिन्यात बुजेल इतकी नको.

मग मी फिटरला म्हटलं, इथं बस, पंख्याच्या पलीकडं.
नुसता श्वास घे.
"काहून?"
घे तर.

सव्वीस वर्षं त्यानं रुईचं पीठ गिळलं.
शेडला चार एक्झॉस्ट होते. दोन बंद,
एक पक्ष्यांनी घरटं करून अडवलेला,
आणि चौथा तो दर सोमवारी स्वतः दुरुस्त करायचा.
आता रात्री त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजते.
ती वाजते तोवर मी झोपते.
थांबली की जागी होते.

दहा वेगांच्या पंख्यानं त्याला गिळून टाकलं.
कूलरवाल्यानं तर माझाही आवाज गिळला.
तिसरा, एक नंबरवर, नीट ऐकू आला.
दोन नंबरवर, कान दिला तर.
"हा," मी म्हटलं.
खदीरभाईंनी कारण विचारलं नाही.
ठिणग्या उडाल्या.

चौकोन खणकन खाली पडला,
बरोबर तिथं, जिथं स्ट्रेचर असायचं,
आणि त्याच्या मागोमाग ऊन.
पंखा बसल्यावर अल्तमशनं उदबत्ती लावली, झडपेजवळ धरली.
धूर गादीवरून रांगत गेला,
मध्येच घुटमळला,
मग कुणी हाक मारल्यासारखा वर.

कापलेला पत्रा फिटरनं कानशीनं घासला,
कडा गुळगुळीत केल्या, पेपरात गुंडाळला.
"असू दे. बुजवायची पाळी आली तर."

पहिला मुक्काम आमच्याच घरासमोर.
लेकीचा फोन: निघालात का?
निघालो, म्हटलं.
झाकणातून एक चांदणी दिसते, तीही थोडी धुरकट.
पंखा दोन नंबरवर.
मी कान दिला आहे.